अखाजीच्या आठवड्यातली मोजणी

प्रिय गोपाल,

आधी घडलं ते.

१. २० ते २४ एप्रिल. सुरतेत भेस्तानच्या आमच्या वस्तीत घरोघर मोजणी. मोजणारी मी.
२. ४१२ घरं. १६७ना कुलूप. नोंद : 'स्थलांतरित'.
३. १५ मे. लोकसंख्या नव्या निकषापेक्षा कमी ठरली. आशा-सेविका सुभद्राबाईंची जागा १ जूनपासून रद्द.
४. आज १६७पैकी १५९ घरं उघडी आहेत.

मी आरोग्य केंद्राच्या लॅबची. परिचारिकेच्या दोन जागा रिकाम्या, म्हणून मोजणीला मला पाठवलं. आठवडा कोणी ठरवला ते तुला ठाऊक आहे. परिपत्रक तुमच्या समितीचं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशची माणसं लूम बंद ठेवून गावी जातात, हे तिथे कोणाला माहीत नसेल. मला होतं. माझीच आई त्या आठवड्यात अमळनेरला होती. अ‍ॅपने विचारलं, घर बंद? मी 'हो' दाबलं. उत्तर अचूक होतं आणि खोटं होतं.

तुमच्या मसुद्याचं नाव 'टिकाऊ आरोग्य मनुष्यबळ'. आमच्या केंद्रात चौदा वर्षं टिकलेलं एकच माणूस आहे, सुभद्राबाई, आणि तुम्ही कपातीची सुरुवात त्यांच्यापासून केलीत. मार्चमध्ये कमल नावाच्या गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ६.२ आलं. रिपोर्ट मी छापला. सासू दवाखान्यात पाठवेना. सुभद्राबाई दोन दिवस त्या उंबऱ्यावर बसल्या, अहिराणीत सासूशी भांडल्या, तिच्या हातचा चहा प्यायल्या आणि कमलला घेऊन आल्या. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

आदेश त्यांना मीच वाचून दाखवला. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुन्ही माय बी गयथी ना अखाजीले? तिन्हं नाव बी काढी टाक मंग."

मोजणी माझी होती आणि चुकीची होती, असं मी सही करून तुझ्याकडे पाठवलं होतं. तू ते परत पाठवलंस, कोपऱ्यात पेन्सिलने लिहून : 'जूनमध्ये तुझा करार संपतो. हे देऊ नकोस.' कॉलेजात माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत असंच पेन्सिलने लिहायचास, आणि मी ऐकायचे. या वेळी नाही. पेन्सिल खोडून तोच कागद सोबत जोडला आहे. तो समितीपुढे ठेव. मला वाचवू नकोस. ठेवणार की नाही, ते शुक्रवार, २९ मेपर्यंत लेखी कळव.

तुझी,
अश्विनी