धुऊन तर बघ

ती. आईस, इथून वाकता येत नाही, म्हणून कागदावरच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. भाजीवालीला वाटतं, माझ्या घरी मोठं खटलं आहे. रोज एवढा पालक नेते ना! तो सगळा प्रयोगशाळेत मिक्सरमध्ये वाटला जातो.

पानांतले हिरवे कण वेगळे काढून निळ्या रंगात मिसळायचे आणि उजेडात ठेवायचे. कण कामाला लागले की निळा रंग उतरतो. परवा त्यांचं एक एन्झाइम अडवणारं औषध घातलं. कण हिरवेगार, दिवा लख्ख, पण निळा रंग ढिम्म उतरेना. मेले समजून मी ओतायला निघाले, तर आमच्या बाई म्हणाल्या, "अगं, आधी धुऊन तर बघ." कण धुतल्यावर औषध गेलं आणि नव्याने घातलेला निळा रंग हळूहळू उतरू लागला.

बाबाच आठवले गं. आजारातून उठले, पण एक झबलं बिघडलं तेव्हापासून शिलाई मशीनला हात लावत नाहीत, असं तू लिहिलंस. गिऱ्हाईक आलं असलं तरी मशीन एवढ्यात विकू नकोस.

सोबत माझा प्रयोगशाळेतला कोट पाठवतेय, खिसा उसवलाय. इथे शिंपी मिळत नाही, असं बाबांना सांग.

तुझी,
धाकटी