रक्तात न सापडणारं

८ फेब्रुवारी २०२५
आज दोन. सकाळी मादी, दुपारी नर. झेब्रा फिंच – चिमणीहून लहान. मी जे जादाचं गुणसूत्र शोधते ते त्यांच्या रक्तात नसतं, काळजात नसतं. पिलू अंड्यात असतानाच बाकीचं अंग ते टाकून देतं. उरतं फक्त अंडाशयात आणि वृषणात. म्हणून मारावंच लागतं. सर म्हणाले होते, सवय होईल. झाली, याचाच राग येतो.

९ फेब्रुवारी
घाटनांदूरला, घरी. जेवताना तानाजीदादाने पहिल्यांदाच विचारलं, "काय शिकायलीस गं तिकडं?" मी अशी फुशारले! सगळं सांगत सुटले – नर ते गुणसूत्र बीजातून बाहेर फेकतो, पिलाला मिळतं ते जवळजवळ नेहमी आईकडूनच. आई म्हणाली, "मंजी समदं बाईच्याच हाती." मी हसून हो म्हटलं. भाकरी गरम होती, तिकडे लक्ष. वैष्णवीवहिनी दोन्ही पोरींना भरवत होती. तिने वर पाहिलं नाही.

२ मार्च
वहिनीचा फोन. दादा दुसऱ्या लग्नासाठी युसूफ वडगावला स्थळ बघून आला. तिथे सांगितलं म्हणे, "आमची सुकन्या पीएचडी करायली. ती म्हणली, ते बाईकडूनच येतंय. हिच्यात ते न्हाईच, तर पोरगा कुठून व्हईल?"
लगेच दादाला लावला. अरे, ते पक्ष्यांचं होतं! माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. म्हणाला, "आता वैनीची बाजू घ्यायलीस. त्या दिशी समद्यांदेखत हो म्हणलीस की." फोन ठेवला. जीभ छाटून टाकावीशी वाटली.

५ मार्च
वहिनीला तासभर समजावलं. तुझ्यात काही कमी नाही, माणसांत हे गुणसूत्र नसतंच – कुणातच नसतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, माजं मन राखायला म्हणायलाव का? एकदा तपासा की. रक्त देते मी." हातात स्लाइड होती, लक्ष अर्धं तिकडे. बोलून गेले – रक्तात दिसत नाही, अंडाशयच काढून बघावं लागतं. लगेच म्हटलं, पण हे पक्ष्यांचं हं. "बरं," म्हणाली.
तिच्या डाव्या अंडाशयात गाठ आहे, पाळीत फार दुखतं. डॉक्टर गोळ्याच घे म्हणतात. त्याबद्दल विचारायचं राहिलं.

११ मार्च
स्लाइड वाया. रंगच चढला नाही. आणखी तीन मारावे लागतील.

१९ मार्च
वहिनीचा भाऊ शिवशंकर लॅबमध्ये आला. पिशवीतून प्लॅस्टिकची बरणी काढून टेबलावर ठेवली. वर तिचं नाव, वय २६, डावं अंडाशय. डॉक्टर गोळ्यांवर भागवत होते, वहिनीनेच ऑपरेशनचा हट्ट धरला. "अक्का म्हणली, वन्संच्याच हातात दे. त्यांनी लिहून दिल्याबिगर दाजी दुसऱ्या लग्नाचं काय ठरवायचे न्हाईत. तसं कबूल केलंय दाजींनी."
तो बाहेर बाकावर बसलाय, कागद घेऊनच जाणार. ते गुणसूत्र हिच्यात आहे का? खरं लिहायचं तर एकच शब्द आहे – नाही.