अठरा पावलं

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

अप्पांच्या नावानं नोटीस आली. मोजणीची. २ डिसेंबर, सकाळी दहा, मंद्रूपचं रान. ‘आपण जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास मोजणी थांबणार नाही.’

अप्पांना जाऊन एकोणीस दिवस झाले. ते तिथं हजरच आहेत. त्याच रानात, समाधीत बसलेले.

अर्जदार – शेजारचे हिंदुराव.

पोस्टमनसमोर सही केली. सदतीस वर्षं भूकरमापक म्हणून अप्पांनी लोकांना अशाच नोटिसा काढल्या. अव्वाला – आईला – सांगितलं नाही. पाकीट गहू निवडायच्या सुपाखाली ठेवलं. मग तिथूनही काढलं.

१५ नोव्हेंबर

हिंदुरावांना फोन केला. आवाज नरम.

‘अर्ज दिवाळीच्या आदीच दिलता, ताई. अप्पा दवाखान्यात हाईत हेबी म्हायत नव्हतं. आमचा म्हातारा मरस्तोवर म्हणायचा, बांध सरकलाय. आमचं रान तुमच्यात चाळीस फूट आत हाय.’

‘मग इतकी वर्षं का नाही मोजून घेतलं?’

‘अप्पासाहेब नोकरीत. त्यांच्या रानात मोजणीची साखळी टाकायला कोन धजलं असतं? तुमीच सांगा की.’

मी समाधीचं विचारलं. विचारायला नको होतं.

‘आमच्यात निघाले तर… काढायला लागंल की. मी न्हाय म्हणत. पोरं म्हणत्यात.’

फोन ठेवला. बसवलेल्या माणसाला कसं उठवतात?

१६ नोव्हेंबर

झोप नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

जागा मीच ठरवली. म्हणजे अप्पांनी सांगितली, आणि मी चालले.

दवाखान्यातला शेवटून दुसरा दिवस. नळी काढली होती. म्हणाले, ‘बांधापासून अठरा पावलं. लिंबांच्या पलीकडे. तिथं मला बसवा.’ मग – ‘सिद्धू, तूच चाल. दुसऱ्या कुणाला चालायला लावू नको.’

तेवढ्या बोलण्यानं दम लागला. थोड्या वेळानं म्हणाले, ‘दारापर्यंत जाऊन ये बघू.’ मी गेले, आले. ‘परत.’ परत गेले. ‘फरशी किती फुटाची आहे ही?’ मला वाटलं, भ्रम सुरू झाला. बाहेर जाऊन रडले.

दफनाच्या दिवशी अमरेश म्हणाला, ‘अक्का, मी मोजतो, तू बस.’ मी नाही मोजू दिलं. अप्पांनी मला सांगितलं होतं! बांधाला टाच लावली आणि मोठ्यानं मोजत चालले. अठराव्या पावलावर कुदळ पडली. तिथून पुढं खड्डा. जंगमांनी सगळं केलं. विभूती, बेलाचं पान. अप्पा मांडी घालून बसले – नोंदी लिहायला जेवणानंतर बसायचे तसे.

तेव्हा अभिमान वाटला होता. त्यांनी मला निवडलं म्हणून.

१९ नोव्हेंबर

अव्वाला कळलं. अमरेशनं बंगळूरहून फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘त्यांच्या शेजारी माझी जागा आहे. ती पण जाणार का गं?’

मी म्हटलं, काही जात नाही.

‘तू त्यांनी सांगितलं तिथंच ना खणलंस?’

‘हो.’

‘मग काळजी बेड, नको करू. त्यांचं माप कधी चुकलं नाही.’

आणि शेंगा सोलायला बसली.

२० नोव्हेंबर

खरंच कधी चुकलं नाही. घरात एक दरवाजा आहे – आमची उंची त्यावर पेन्सिलीनं. प्रत्येक रेघेला तारीख. तारखेशिवाय आकडा म्हणजे अफवा, असं म्हणायचे. अव्वाच्या चोळीचं माप शिंप्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. माझ्या शाळेच्या बुटाचं माप दोऱ्यानं घेऊन खिशात ठेवायचे – कुठल्या तालुक्याच्या बाजारात चांगले बूट दिसले तर!

मोजणीला गेले की दुपारचा डबा घरचा, पाणी घरचं. कुणाच्या ओसरीवर चहासुद्धा नाही. ‘चहा पिऊन टाकलेली रेघ वाकडी येते.’ संध्याकाळी पँटीला कुसळं चिकटलेली असायची. मी आणि अमरेश पायाशी बसून ती काढायचो. ते वर्तमानपत्र वाचल्यासारखं करायचे, पण पान उलटत नसत.

आपलं रान मात्र त्यांनी कधी मोजलं नाही. ‘आपल्या रानात आपली साखळी टाकायची नाही.’ त्यात मला केवढं तरी तत्त्व दिसायचं. कॉलेजात मुलांनाही हे सांगितलंय मी.

बांध आजोबांनी घातलेला. पलीकडे हिंदुराव, अलीकडे आम्ही. बांधाला लागून लिंबाची सहा झाडं आणि बोअर. माझं एम.ए. त्या लिंबांवर झालं. हेही मुलांना सांगितलंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

कुंडलिकमामांकडे गेले. वीस वर्षं अप्पांची साखळी धरली त्यांनी. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं.

‘या, ताई. अप्पांची लेक! बसा.’

नोटीस वाचून दाखवली, हिंदुरावांचे चाळीस फूटही सांगितले. मामा गालात हसले. ‘हिंदुराव व्हय? त्याचा बाप लई किरकिऱ्या. मोजू द्या की. कुटं बसवलंय अप्पांना?’

‘बांधापासून अठरा पावलं.’

‘मंग काय भ्या न्हाय. अठरा पावलं म्हंजी पंचेचाळीस फूट. त्ये म्हणतंय चाळीस. पाच फूट आत झाला की तुमी.’

‘पंचेचाळीस कसे?’

‘अप्पांचं पाऊल अडीच फुटाचं. नेम हुता त्यांचा. साखळी इसरली तर पावलानं मोजायचे आन् कागद बरुबर यायचा. आख्ख्या हापिसाला म्हायती.’

मग थांबून म्हणाले, ‘कोन चाललं हुतं?’

‘मी.’

‘जरा चाला बघू.’

मी त्यांच्या अंगणात चालले. ते कान लावून ऐकत होते.

‘तुमी लई बारीक चालता, ताई. नव्या नवरीवानी.’

हसले. मग हसायचे थांबले.

२३ नोव्हेंबर, दुपार

गच्चीवर टेप लावून मोजलं. दहा वेळा. माझं पाऊल एक फूट अकरा इंच.

अठरा पावलं – साडेचौतीस फूट.

चाळीसच्या आत. म्हणजे हिंदुरावांच्या रानात.

अप्पांनी त्यांची पावलं सांगितली. मी माझी चालले! भूकरमापकाची मुलगी. सगळं आयुष्य त्या मापात वाढले आणि एवढं साधं विचारलं नाही – कुणाची पावलं?

अमरेश ढांगा टाकतो. तो चालला असता तर अप्पा वाचले असते. वाचले असते – काय लिहितेय मी.

२५ नोव्हेंबर

अव्वाच्या नजरेला नजर देता येत नाही. ती समाधीवर लावायला तुळशीचं रोप घेऊन आली. रिक्षात मांडीवर धरून आणलं.

‘आत्ता नको लावायला,’ मी म्हटलं.

‘का?’

‘थंडी आहे.’

माझ्याकडे बघत राहिली. जुळे सोलापुरात कसली थंडी!

२८ नोव्हेंबर

हिंदुरावांचा थोरला मुलगा घरी आला. चपला बाहेर काढल्या, पाणी प्याला, नम्र होता. म्हणाला, वडलांनी पाठवलंय. तसं काही निघालंच तर आम्ही पुजाऱ्याला बोलावू, व्यवस्थित हलवू, तुम्ही काही काळजी करू नका.

व्यवस्थित!

जाताना त्यानं विचारलं, ‘अप्पा कधी काही बोलले होते का? बांधाबद्दल?’

‘नाही. कधीच नाही.’

तो गेल्यावर दाराला कडी लावली. दुपारी तीन वाजता.

१ डिसेंबर, रविवार

उद्या.

अव्वाला पांढरं लुगडं काढून ठेवताना पाहिलं. ती येणार म्हणते. नको म्हटलं तर म्हणाली, ‘नोटीस त्यांना आली आहे. त्यांच्या वतीनं कोण हजर राहणार?’

२ डिसेंबर, सोमवार

घरी आलो. हाताला अजून चुना आहे.

मोजणीदार मुलगी होती, पंचविशीची. आता साखळी नाही. एक काठी, वर पांढरी टोपी, हातात मोबाइलसारखं यंत्र. ज्वारीत काठी रोवायची, थांबायची, ‘हं’ म्हणायची. त्या प्रत्येक ‘हं’ला मी तिच्या हातातल्या यंत्राकडे बघे.

हिंदुराव टोपी हातात घेऊन उभे. त्यांचे दोन्ही मुलगे. अव्वा समाधीजवळ खाली बसली, पदर डोक्यावर. उठायला तयार नाही. ‘मावशी, जरा बाजूला.’ नाही.

पहिली खूण बांधाच्या अलीकडे पडली. आमच्या रानात! म्हणजे हिंदुराव खरं बोलत होते. म्हाताराही खरं बोलत होता. दुसरी खूण – त्याच ओळीत. मग ती चुना टाकत समाधीच्या दिशेनं यायला लागली. मी डोळे मिटले. मला फक्त पिशवीतून चुना पडल्याचा आवाज येत होता. जवळ आला. मग पुढं गेला.

‘झालं,’ ती म्हणाली.

रेघ बांध आणि समाधी यांच्या मधून गेली होती. समाधीपासून दीड फूट. टेप मी स्वतः धरला. अप्पा आमच्या हद्दीत.

बांधापासून रेघ बरोबर एक साखळी – तेहतीस फूट. सहाही लिंबं हिंदुरावांची. बोअर त्यांचा.

हिंदुरावांनी टोपी डोक्यावर घातली. ‘वाचलो बगा, ताई. मलाबी झोप न्हवती. कुनाचा बाप उकरायचा म्हंजी…’ ते लिंबांकडे वळले. मग म्हणाले, ‘या सालची लिंबं तुमी तोडून न्या.’

पंचनाम्यावर सही केली. अव्वानं अंगठा दिला – सही येते तिला, पण पेन घेतलं नाही. परतताना गाडीत म्हणाली, ‘बघ. मी म्हटलं होतं. त्यांचं माप चुकत नाही.’

मला हसू आलं. त्यांचं माप चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, आणि चुकून दीड फुटानं वाचलो! तिला सांगितलं नाही.

आज झोपेन.

८ डिसेंबर

दवाखान्याची फाइल टाकून द्यायला काढली. तापाच्या तक्त्यामागे पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर वाकडं, पण आकडे त्यांचेच.

‘सिद्धू – १ फू. ११ इं. × १८ = ३४॥. हद्द ३३.’

हद्द ३३. कधी मोजली, ते लिहिलेलं नाही. अप्पा तारखेशिवाय आकडा लिहीत नसत.