विठ्ठलवाडीत घासलेला आरसा

बाबा, त्या संध्याकाळी तुम्हाला न दिसलेला मधला तारा मी काल पाहिला. दुर्बिणीतून नाही, अवकाशातून काढलेल्या एका फोटोत. आपल्याला राखाडी, जरासं लांबट कडं दिसलं होतं ना, त्याच्या बरोबर मध्ये इवलासा पांढरा ठिपका आहे. म्हातारा होताना त्या ताऱ्याने अंगावरचा वायू बाहेर टाकला, त्याचंच ते कडं. नाव ग्रहीय तेजोमेघ, पण ग्रहाशी काही संबंध नाही. इथून दोन हजारांहून जास्त प्रकाशवर्षं लांब. वर्गात मुलांना हे मी दरवर्षी सांगते. तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

विठ्ठलवाडीच्या दुकानात तुम्ही दिवसभर आरशांच्या कडा घासायचात. माझ्या कॉलेजच्या दुर्बीण बनवायच्या स्पर्धेसाठी काम सुटल्यावर तिथेच थांबायचात आणि दुर्बिणीचा आरसा करायला, पिंपावर ठेवलेल्या जाड काचेवर कुरुंदाची खरखरीत पूड घालून, पिंपाभोवती फिरत काचेवर काच घासत राहायचात. चार महिने. मी रविवारी यायचे, थोडं पाणी शिंपडायचे, मग कंटाळून पुस्तक उघडायचे.

ठाण्याला कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण तुम्हीच चढवलीत, चादरीत गुंडाळून, खांद्यावरून. अंधार पडल्यावर मी अभिजित ताऱ्याजवळचं ते कडं दुर्बिणीत लावलं. परीक्षक सर बराच वेळ बघत राहिले.

"आरसा सुरेख झालाय. कोणी घासला?"

"मी, सर."

घरच्यांची मदत नियमात चालत होती, बाबा. खोटं बोलायची काही गरजच नव्हती. पण तुम्ही शेजारीच उभे होतात, नखांत आरशाच्या पॉलिशची लाल पूड, आणि मला त्या नखांची लाज वाटली.

"आणि हे?" सरांनी विचारलं. तुम्हीच म्हणालात, "मी सामान उचलायला आलोय, साहेब."

मग तुम्ही डोळा लावलात. "मधे तारा असतो म्हणालीस ना गं? दिसत नाही तो."

"यातून नाही दिसणार. चला, मागे रांग आहे."

तुम्ही लगेच बाजूला झालात.

पहिलं बक्षीस मिळालं. घरी आईने विचारलं, "बाबांचं नाव घेतलंस ना तिथे?"

"हो, सगळ्यांसमोर."

तुम्ही जेवत होतात. मान वर न करता म्हणालात, "घेतलं तिने."

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये आई अजून शेजारणींना सांगते, माझ्या मुलीने भर कॉलेजात बापाचं नाव घेतलं. मी उठून चहा ठेवायला आत जाते. तिला वाचून दाखवायचं म्हणूनच हे लिहायला बसले होते. ती देवळात गेली आहे. ती यायच्या आत मी हा कागद कपाटात ठेवून देणार आहे.