तिसऱ्या घंटीच्या आत

३ फेब्रुवारी

काल सकाळी सगळ्यांच्या आधी पाण्याच्या कारखान्यात पोहोचून मी फाटकापासून टाक्यांपर्यंत अंगण झाडून काढलं. नव्या जागी पहिला हात झाडूला लावावा, असं आमच्या खेड्यातले मास्तर सांगायचे. त्यांच्याकडे सहा इयत्ता शिकलो, तेवढ्यावर एकोणपन्नास वर्षं निभावली. मग टेबलावरच्या फोनसमोर उभं राहून छातीवर क्रूस केला. आता पोट याच्यावर.

जार धुणारी चायो म्हणाली, काका, झाडू आमच्याकडे राहू द्या, नाहीतर मालक आम्हाला काढून तुम्हालाच दोन्हीकडे लावतील. सगळे हसले. कांदेलारियाचा सण होता, मालक आबुंदिओंनी मक्याच्या पिठाचे गरम तमाल वाटले. हिरव्या मिरचीचा मला आला.

काम सोपं आहे. घराघरांतून पाण्याच्या जारची मागणी फोनवर येते, ती लिहून गाडीवाल्याला द्यायची. नियम एकच : तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा. माझ्या आधीचा कारकून एउतिमिओ आठवड्यापूर्वी वारला. देव त्याला शांती देवो.

लेकीला सगळं कळवलं. ती पुएब्ला शहरात नर्सिंग शिकते. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच.

४ फेब्रुवारी

आज फोनवर एका माणसानं एउतिमिओला मागितलं. बोलणं मऊ, अदबशीर. मी सांगितलं, तो वारला. तो म्हणाला, हो का, मग पुन्हा करतो.

चायो म्हणते, वसुलीवाले आहेत, काका. कर्ज घेताना तो इथला नंबर देऊन बसला. मेलेल्यालाही सोडत नाहीत मेले. तुम्ही राँग नंबर म्हणा आणि ठेवून द्या. मला खोटं बोलवत नाही. दिवसभरात त्याचा फोन सात वेळा आला.

५ फेब्रुवारी

एउतिमिओची बायको एर्मेलिंदा कारखान्यात आली. आज नववी. मेलेल्याच्या खोलीत जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात, नऊ दिवस त्याच्याभोवती जपमाळ होते, नवव्याला एक धर्मबाप तो झाडून गोळा करतो आणि कबरीवर नेतो. तिला धर्मबाप मिळत नव्हता. एवढ्या मोठ्या गावात! मालक म्हणाले, मेलितोन, तू देवभोळा माणूस, पुण्य पदरात पाड की.

मी गेलो. आधी क्रूसाचं डोकं, मग दोन्ही हात, मग पाय, असा फुलांच्या जुडीनं चुना डब्यात भरला. नातेवाईक भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटची चिमूट उचलली तेव्हा एर्मेलिंदानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, आजपासून तुम्ही माझे कोम्पाद्रे, धर्मानं जोडलेले नातलग. मग ती हसली. दुःखात माणसाला भान राहत नाही.

७ फेब्रुवारी

आज फोनवरच्या त्या माणसानं मला मागितलं. नाव घेऊन, सेन्योर मेलितोन म्हणून. म्हणाला, खातं आता तुमच्याकडे आलं. मी म्हणालो, मी फक्त क्रूस उचलला. तो म्हणाला, हो ना, उचललात. पैसे तर त्याच्या बायकोनं केव्हाच फेडले, सेन्योर. राहिलं ते व्याज. आणि विचारलं, आज काय देता?

मी म्हणालो, माझ्याजवळ काही नाही. तो म्हणाला, मग आम्हीच बघतो.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. ‘आमची रोजची भाकर’ इथपर्यंत आलो. पुढची ओळ येईना. चाळीस वर्षं रोज म्हणतोय.

९ फेब्रुवारी

प्रार्थनेच्या पुस्तकात पाहून ती ओळ वाचली, ‘आमची ऋणं आम्हाला सोड’. परक्या भाषेतली वाटते. वाचून पुस्तक मिटलं की जाते.

रोज दहा-बारा फोन, पण माझ्यातलं काही घेतात ते दिवसातून एकदाच. काल आई मला कोणत्या नावानं हाक मारायची ते गेलं. आज बायकोचा चेहरा. तिचा फोटो पाकिटात आहे. चांगली दिसते बाई. कोणीतरी असावी.

मी म्हणालो, उद्यापासून उचलणार नाही. तो म्हणाला, नका उचलू. कामावर नाही सापडलात तर घरी करू, घरी नाही तर लेकीकडे. लेक आहे ना तुम्हाला? नाव काय तिचं?

मी फोन ठेवला. नाव सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

फोनची तार काढून ठेवली. तरी वाजला. चायोनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

चर्चमध्ये गेलो. पाद्री म्हणाले, बँकेची माणसं असतील, धीर धर. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. पाद्रींनी उचलला, ऐकला, माझ्यापुढे धरला. तुझ्यासाठी आहे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

चायोला खोदून विचारलं. रडत म्हणाली, एउतिमिओनंही एकाचा क्रूस उचलला होता, काका. जो उचलतो त्याच्याकडे सगळं जातं. शेवटी तो बायकोला विचारायचा, बाई, तुम्ही कोणाच्या? सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मालकांकडे गेलो. ते जेवत होते. म्हणाले, अरे बाबा, तुझं इथे कोणी नाही म्हणून तर ठेवलं तुला. आमच्यातल्या कुणाला बसवू? जा, वाजतोय.

१२ फेब्रुवारी

तो म्हणतो, सुटायचं असेल तर एक नाव द्या. तुमच्या रक्ताचं. तुम्ही स्वतःच्या तोंडानं घेतलं पाहिजे, आम्हाला कागद चालत नाही. खातं तिकडे वळवतो. तुमची प्रार्थना परत, बायको परत. तरुण आहे ती, तिच्याजवळ पुष्कळ असेल.

गोड बोलतो. आज अर्धं नाव ओठांवर आलं होतं. दात घट्ट आवळले. रक्त आलं.

१३ फेब्रुवारी

गाडीवाल्याचं नाव गेलं. रस्ता गेला — चायोनं खोलीवर पोहोचवलं.

मी कच्चा होत चाललोय. उद्या नाही तर परवा — नाव बोलून जाईन. घाबरून. किंवा ते कशाला लपवायचं तेच विसरून.

एक वाट आहे. तो रोज विचारतो ना, आज काय देता. मी स्वतःहून कधी काही दिलंच नाही —

बरं झालं, या वहीत मी तिला नुसतं लेक म्हटलं. तिची पत्रं जाळली. तिचं नाव असलेला मोबाइल पाण्याच्या टाकीत टाकला.

देवा, हे पाप असेल तर माझ्या एकट्याच्या

१४ फेब्रुवारी

सकाळी आठ. दुसऱ्या घंटीला उचलला.

त्यानं विचारलं. मी म्हणालो, आज मी देतो. माझ्या लेकीचं नाव माझ्यातून घेऊन जा. उच्चारणार नाही. आतूनच न्या, जसं बाकीचं नेलंत.

तो म्हणाला, सेन्योर, विचार करा. म्हणाला, व्याज थांबत नाही. उद्या दुसरं काही लागेल.

मी म्हणालो, न्या.

नेलं.

दुपार

मुलीचा फोन. बाबा म्हणाली. मी विचारलं, कोण? ती रडायला लागली — अहो बाबा, मी — नाव सांगणार तेवढ्यात मी फोन ठेवला.

वाजतोय. तीच असेल. किंवा तो.

मला एक लेक आहे. एवढं ठेवलंय त्यांनी. कोणीही विचारा आता, मारा, प्रार्थना परत द्या, माझ्या तोंडून येणार नाही. शोधून पाहिलं मी. तिथे काही नाही. तिचं नाव