रामसखीचं भाषांतर

मंसिर ८

आज पुन्हा तेच! मी तेतरीला एका ओळीचा प्रश्न विचारला — "झोप लागते का?" रामसखीने तिला मैथिलीत तो पाच मिनिटं विचारला. मग तेतरी दहा मिनिटं बोलली. पदर तोंडाशी धरून, मध्येच हुंदका देत. एकदा तर चक्क हसली. शेवटी रामसखी माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणते, नाही लागत."

एवढंच?

"एवढंच, दिदी."

सात महिने मी या कनकपट्टी गावच्या आरोग्य चौकीत समुपदेशक म्हणून बसते. चौदा बायका येतात. सगळ्यांचे नवरे आखातात राबायला गेले आणि शवपेटीतून परत आले. मला मैथिली येत नाही. काठमांडूहून येताना वाटलं होतं, शिकेन. शिकले नाही. रामसखी आहे ना, म्हणून शिकले नाही.

मंसिर १०

रामसखीला समोर बसवून समजावलं. बाई बावन्न वर्षांची, गावात वीस वर्षं बाळंतपणं केलेली. तिला मी समजावते आहे! "तुम्ही फक्त पूल आहात. मी बोलेन तेच पलीकडे जायला हवं. कमी नाही, जास्त नाही."

"जी दिदी."

तिचं 'जी' म्हणजे 'हो' नव्हे. म्हणजे 'ऐकलं'.

मंसिर १४

आमच्या संस्थेच्या डॉ. खनालांचा फोन. सगळ्या जिल्ह्यात आमच्या चौकीचे आकडे सर्वांत चांगले! एकही बाई मध्येच सोडून गेलेली नाही. "अंबिका, तुझ्या हाताला गुण आहे. पुसमध्ये नव्या मुलांना शिकवायला ये. विषय — परक्या समाजात उत्तम समुपदेशक कसा घडतो." शिकवण्यासाठी एका बैठकीचं ध्वनिमुद्रण हवं म्हणाले. तेतरीची परवानगी घेतली. तिने अंगठा दिला.

आनंद झाला. लपवते कशाला, खूप झाला.

मंसिर २१

ध्वनिमुद्रणाचा नेपाळी तर्जुमा काठमांडूहून आला. तिथल्या एका मैथिली विद्यार्थ्याने केलाय. पहिलं पान वाचलं आणि कानशिलं तापली.

मी विचारलं होतं, "तुमचं दुःख शून्य ते दहा या मापात किती?"

रामसखीने विचारलं, "काय गं सूनबाई, काल तुमच्या म्हशीला काय झालं होतं? रात्रभर हंबरत होती."

म्हैस!! सात महिने मी माना डोलवत बसले आणि या दोघी म्हशीवर बोलत होत्या! पुढची पानं वाचवेनात. तशीच पाकिटात घातली.

मंसिर २२

संस्थेकडे तक्रार लिहिली. "सदर दुभाषी स्वतःच्या मनाचे प्रश्न विचारते." रामसखीला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मला वाटलं भांडेल. तिने फक्त विचारलं, "तेतरीचं काय?"

"तेतरी माझी जबाबदारी आहे."

"मग बघा बरं, दिदी," म्हणाली आणि चपला घालून गेली.

पुस ३

नवी दुभाषी आली. अर्पणा झा. जनकपूरची, पदवीधर, स्वच्छ उच्चार. एक वाक्य माझं, एक वाक्य तिचं. घड्याळासारखं! चटईवर बसली नाही, खुर्ची मागितली. ठीक आहे.

चौदापैकी नऊ आल्या. थंडी वाढलीय, धुकं आहे, म्हणून असेल.

पुस ९

लिहावंसं वाटत नाही. पण लिहायलाच हवं.

तेतरी आली होती. मांडीवर तीन वर्षांची चुनिया. सासू जिबछी देवी नेहमीप्रमाणे दाराबाहेर उन्हाची तिरीप शोधून बसलेली. मी नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?" हा प्रश्न विचारावाच लागतो. मी आधीही विचारलाय, कितीदा तरी.

अर्पणाने तो मैथिलीत विचारला. खणखणीत. जसाच्या तसा.

 तेतरीने दाराकडे पाहिलं. आणि दारात जिबछी देवी उभी! "माझा पोरगा गिळला, आता नातीला घेऊन बुडणार ही! सरकारी बाईच विचारते आहे म्हणजे खरंच असणार!" तिने चुनियाला मांडीवरून ओढलं. पोर किंचाळत होती. तेतरीचे हात तसेच पुढे राहिले — रिकामे.

मी म्हणत होते, "थांबा, तसं नाही, थांबा." नेपाळीत. अर्पणा भाषांतर करत होती. एकेक शब्द. बरोबर.

पुस १०

तेतरीला माहेरी धाडलं. भाऊ येऊन घेऊन गेला, सीमेपलीकडे, मधुबनीच्या बाजूला. चुनियाला ठेवून घेतलं. आज चौकीत तीनच बायका. त्यांनाही झोप छान लागते, भूक छान लागते, सगळं छान आहे.

पुस ११, शनिवार

सुट्टी. दार लावून तो तर्जुमा पुन्हा काढला. आज सगळी बावीस पानं वाचली.

काय लिहू?

म्हैस का हंबरत होती? रेडकू मेलं होतं तिचं. तेतरी म्हणाली, "काकी, तिला निदान हुंगू तरी दिलं त्यांनी रेडकाला." रामसखी म्हणाली, "आणि तुला?" तिथून ती पेटीवर आली. विमानतळावरून आलेली पेटी, जी कोणी उघडू दिली नाही. सात महिन्यांत माझ्याशी ती पेटीबद्दल एकदाही बोलली नव्हती. म्हणजे बोलली होती. मला माहीत नव्हतं.

मग रामसखीने विचारलं, "दुःख किती गं? ओंजळीत मावेल एवढं, की डोक्यावर घ्यावं लागतं?" ती म्हणाली, "डोक्यावर, काकी. पण आता एक हात मोकळा राहतो." रामसखीने मला सांगितलं — "सहा म्हणते." मी सहा लिहिलं. बरोबर लिहिलं!

आणि चौदावं पान. माझा प्रश्न — "जीव द्यावासा वाटतो का?" रामसखीने आवाज खाली आणला असावा, कारण विद्यार्थ्याने कंसात 'अस्पष्ट' लिहिलंय. मग — "पहाटे तळ्यावर कोणाबरोबर जातेस?"

"एकटी."

"पाणी बोलावतं का?"

"कधी कधी."

"मग मला हाक मारत जा. माझे गुडघे गेलेत, पायऱ्यांवर मलाही कोणाचा तरी खांदा लागतो."

मला तिने काय सांगितलं? "म्हणते, सकाळी सकाळी बरं वाटत नाही." आणि मी 'सकाळची उदासी' या चौकटीत खूण केली! त्या दिवसापासून रामसखी रोज पहाटे तिच्याबरोबर तळ्यावर जात होती. मी काढून टाकल्यावरसुद्धा — शेजारीण सांगत होती, परवापर्यंत. मला वाटलं होतं, आंघोळीला जात असेल!

शेवटच्या पानावर रामसखी तिला म्हणते, "ही काठमांडूची दिदी म्हणते, रड हवं तेवढं, घाई कसली आहे?" मी असं कधीच म्हटलं नव्हतं. मी घड्याळ बघत होते. त्या बाजूला एक चांगली बाई बसलेली आहे असं सात महिने या बायकांना वाटत होतं. ती बाई रामसखीने बनवली होती.

आता तेतरीच्या माहेरच्या तळ्यावर कोण आहे?

पुस १२

रामसखीकडे गेले. अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बसायला पाट दिला, पुढे दही-पोहे ठेवले.  सगळं सांगितलं. पानं वाचली, उशिरा वाचली, तुम्हाला काढलं, चूक झाली. पाया पडायला वाकले तर सूप आडवं धरलं.

"तक्रारीत काय लिहिलंत? मला वाचता येत नाही."

वाचून दाखवलं. 'स्वतःच्या मनाचे प्रश्न.'

हसली! "खोटं नाही लिहिलंत. मनाचेच होते."

"मला आधी सांगायचं ना, काकी! मी विचारत होते रोज, एवढंच का म्हणून."

"सांगितलं असतं तर कागदावर लिहिलं असतंत. कागद जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा माणूस गावात येतो, गाव जिबछीला सांगतं." सुपातला एक खडा वेचून टाकला. "पण चूक माझीही आहे. तुम्हाला शहाणं करायला हवं होतं. मला वाटलं, साताठ महिन्यांची पाहुणी, कशाला त्रास द्या."

पाहुणी. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, जिबछी देवीला समजावायला चला. चुनियाला असं तोडणं क्रूर आहे.

"समजावायला मी येत नाही," म्हणाली. "बसायला येते."

पुस १३

दोघी गेलो. जिबछी देवी आम्हाला पाहताच कडाडली — "आली! आता मला विचार, मी कधी मरते!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. रामसखीने माझ्या मांडीवर हात ठेवला. चांगलाच दाबून.

नुसत्या बसलो. मग रामसखीने विचारलं, "तुझा रामबिलास लहानपणी गूळ चोरायचा ना गं? माझ्या घरचाही नेला होता."

जिबछी देवीने पदर सावरला. मग म्हणाली, "तुझ्याच घरचा जास्त. माझा कडू असतो म्हणायचा." आणि सुरू झाली. गूळ, शाळेतून पळणं, पहिल्या पगारात पाठवलेली शाल. मग एकदम — "पेटी उघडू दिली नाही गं मला! नऊ महिने पोटात ठेवला आणि तोंड नाही बघितलं. मी कोणाला अग्नी दिला, रामसखी? माझाच होता ना तो?"

हे सगळं मला नंतर रामसखीने सांगितलं. पूर्ण, शब्द न् शब्द, चालता चालता. पण रडणं मला तिथेच कळलं होतं.

सात महिने ही बाई माझ्या दाराबाहेर बसत होती. मी तिच्यासाठी फॉर्म केला नव्हता. माझ्या वहीत तिचं नाव फक्त एका ठिकाणी आहे — 'अडथळे' या मथळ्याखाली.

पुस १५

परत गेलो. बसलो.

पुस १६

परत.

पुस १८

जिबछी देवी स्वतःच म्हणाली, "पोर माझ्याजवळ निजत नाही. आईला हाका मारते." मग बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. "रामसखी, तू चल. मला एकटीला व्याह्यांच्या दारात जायची लाज वाटते."

मी उठले. रामसखी म्हणाली, "तुम्ही नको, दिदी."

बरोबर आहे. नकोच.

पुस १९

तेतरी आली! चुनिया तिच्या गळ्याला असं कडं घालून बसलीय की कोणी बोटही काढू शकणार नाही. लांबून पाहिलं. जवळ गेले नाही.

संध्याकाळी रामसखी आली. खाली बघून म्हणाली, "एकदा गेली होती पाण्यात. माहेरी पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गळ्यापर्यंत. भावजयीने केसाला धरून ओढली."

दुसऱ्या दिवशी म्हणजे शनिवारी. मी दार लावून पानं वाचत होते तेव्हा!

तेतरी वाचली, म्हणून बरं. वाचली नसती तरी माझे आकडे तेच राहिले असते. 'माहेरी गेल्याने सेवा बंद.' अशी चौकट आहे आमच्याकडे.

पुस २६

काठमांडू. नव्या मुलांपुढे उभी राहिले. भाषण बनवलं नव्हतं. फळ्यावर मध्ये रेघ मारली — डावीकडे माझे प्रश्न, उजवीकडे रामसखीचे. रामसखीकरवी तेतरीला विचारून आणलं होतं, तिचं आणि गावाचं नाव गाळून. मग पुस ९ला काय झालं तेही सांगितलं.  एका मुलीने विचारलं, "मग यातला तज्ज्ञ कोण?" मी म्हटलं, "ती तांदूळ पाखडतेय. मी तिला काढलं."

डॉ. खनाल बाहेर भेटले. "प्रामाणिकपणा ठीक आहे गं, पण संस्थेची अब्रू?" तक्रार मागे घेते म्हटलं. तर म्हणाले, ती जागा भरली आहे, शिवाय त्या बाईंची शैक्षणिक पात्रता नाही. मी भांडले. खूप. काही झालं नाही. मी तक्रार लिहिली तेव्हा तिचा निकाल दोन दिवसांत लागला होता!

माघ ४

चौकीत आता कोणी येत नाही. बायका रामसखीच्या अंगणात जमतात. मटार सोलतात, लेकरांच्या उवा काढतात, बोलतात. दुपारी मीही जाते. वही नेत नाही. अर्पणालाही म्हटलं, चल. आज पहिल्यांदा आली. खुर्ची नव्हती. बसली.

माझी मैथिली म्हणजे हसण्याचा विषय झालाय. काल 'मीठ द्या' म्हणायला गेले आणि भलतंच म्हणाले. जिबछी देवी इतकी हसली की तिला ठसका लागला. तेतरी हसली नाही. ती माझ्याकडे बघत नाही. माझी सावली तिच्या पायावर पडली तरी सरकून बसते. तिने तसंच करावं. माफी मागायला दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. ती मागणं माझ्या सोयीचं आहे, तिच्या नव्हे.

फागुन २

अंगणात आज पलीकडच्या वस्तीतली नवी बाई आली. पेटी परवाच आली तिच्याकडे. मला पाहून दचकली, विचारलं, ही साहेबीण इथे कशाला बसते? रामसखीने तोंड उघडलं, त्याआधीच तेतरी बोलली. मटारावरून मान वर न करता.

"हिच्या हातून एक मोठी चूक झाली. कोणाला सांगता येत नाही हिला. म्हणून येते बिचारी. बसू दे."

मैथिलीत म्हणाली. कोणी भाषांतर केलं नाही.