मंगफच्या गच्चीवरचा बर्फ

४ जानेवारी २००८, शुक्रवार

आलो एकदाचा! मीना अब्दुल्लाच्या कामगार कॅम्पातली सहा माणसांची खोली, तिथली मोज्यांची दोरी आणि पहाटेची न्हाणीघराची रांग, सगळ्याला आज रामराम ठोकला. कुवेतमध्ये, मंगफला स्वतःचं घर! दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी, खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, आणि वर मोकळी गच्ची. बायको मुक्ता आणि लेक अक्षदा पंधरा तारखेला येतायत. कागदपत्रांची कामं करणाऱ्या आमच्या मंदूबने व्हिसा हातात ठेवला तेव्हा त्याला मिठीच मारणार होतो, पण त्याच्या पांढऱ्या झग्याची, दिशदाशाची, कडक इस्त्री बघून स्वतःला आवरलं.

संध्याकाळी गावी फोन केला. अक्षदाने खेळण्यांबद्दल विचारलं नाही, खाऊबद्दल नाही. बाबा, तिकडे बर्फ पडतो का, एवढंच. तिच्या वर्गातली कुठली मुलगी मनालीला जाऊन आली आहे आणि तेव्हापासून हिची झोप उडाली आहे. पडतो की, म्हटलं, तू ये तर खरी. बापाचं काय जातंय बोलायला! मग फोन ठेवल्यावर वाटलं, वाळवंटात पोरीला काय दाखवू, बकाल्यातला फ्रीजर? ही वही कोरी सापडली म्हणून रोज थोडं लिहायचं ठरवलंय.

६ जानेवारी, रविवार

इमारतीत एक गंमतच निघाली. गच्चीवर पांढरी, झरोक्यांची लाकडी पेटी आहे. मला वाटलं कबुतरांची. तर आत थर्मामीटर! वरच्या मजल्यावरचा प्रज्वल हा तिचा मालक. रिफायनरीत इंजिनियर, मूळ पुण्याचा, त्यामुळे तापमानसुद्धा आपल्यावर उपकार केल्यासारखं सांगतो. कॉम्प्युटरवर युरोपातले हवामानाचे नकाशे काढतो आणि थंडी कुठपर्यंत आली ते रोज बघतो. त्याचा जोडीदार अशरफ, रत्नागिरीकडचा. गोठवलेल्या मासळीच्या आणि मटणाच्या शीतकोठारावर देखरेख करतो. दिवसभर उणे अठरात वावरून संध्याकाळी पुन्हा थंडी शोधायला हा गच्चीवर! मी म्हटलं, हलवायाने घरी जाऊन जिलबी मागावी तशी गत झाली. खूप हसला. भला माणूस आहे.

माझं काम मापकं तपासायचं, हे कळल्यावर त्यांनी मला लगेच त्यांच्या या थंडीच्या मंडळात ओढलं. थर्मामीटर किसलेल्या बर्फात बुडवून तपासून दिला. बरोबर शून्य. मला चहा मिळाला आणि सभासदत्वही.

११ जानेवारी, शुक्रवार

तुर्कस्तानातून मोठी थंडी खाली सरकते आहे. प्रज्वल म्हणतो, पुढच्या आठवड्यात कुवेतमध्ये हिमकण दिसण्याची पुसट शक्यता आहे. पुसट हा शब्द त्याने तीनदा उच्चारला, पण डोळे चमकत होते. मला तर अक्षदाच दिसायला लागली, तोंड उघडून वर बघणारी.

मग मला लहर आली. आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं आमच्याच घरातला माणूस घालतो. तो देवाला गावाचं मागणं सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वडिलांच्या मागे उभं राहून सगळं पाठ झालेलं. म्हटलं, बर्फासाठी घालूया! प्रज्वलने टाळी वाजवली. अशरफ म्हणाला, तुम्ही घाला, मी आपला चहा बघतो. मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी नारळ ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! ह्या जाग्येचो जो कोण राखणदार आसात, त्येका हात जोडून गाऱ्हाणा घालतंय. माझ्या चेडवाक बर्फ बघूचो हा. तो दाखव, आणि तुझो जो काय मान आसात तो तू घे रे म्हाराजा!”

प्रज्वल पुणेरी सुरात ‘व्हय म्हाराजा’ ओरडला. हसून हसून पोट दुखलं.

खाली आल्यावर मात्र जरा चुकचुकलं. गावी आपण ‘तुझा मान घे’ म्हणतो तेव्हा मान काय ते देवालाही माहीत असतं आणि गावालाही. नारळ, कोंबडा, फार तर लुगडं. बापजाद्यांनी ठरवून दिलेलं. इथल्याला कोणी काय ठरवून दिलंय? पण जाऊ दे. दीडशहाण्यासारखा विचार करतोय मी.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तीळगूळ नाही, पण थंडी अशी की दात वाजतात. आज पहाटे पेटीतला पारा शून्याखाली. मंडळात आनंदीआनंद! फक्त प्रज्वलने फहाहीलच्या आणि खैरानच्या मित्रांना फोन केले, तर त्यांच्याकडे चार-पाच अंश. थर्मामीटर बिघडला असेल म्हणाले. मी पुन्हा बर्फात बुडवून तपासला. चोख आहे. रस्त्यावर उतरलो तर साधी थंडी, गच्चीवर चढलो तर हाडं गोठतात. मी जिना दोनदा चढलो-उतरलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थंडी सुरू होते, दाराच्या चौकटीसारखी सरळ.

१५ जानेवारी, मंगळवार

आल्या! विमानतळावर अक्षदा धावत येऊन पायांना बिलगली. स्वेटरवर स्वेटर, नाक लाल. बर्फ कुठाय, हा पहिला प्रश्न. मुक्ताने घर बघितलं, मोरी बघितली, खिडकी बघितली आणि आत जाऊन डोळे पुसून आली. इतका सुखी मी लग्नाच्या दिवशीही नव्हतो.

१८ जानेवारी, शुक्रवार

पडला. बर्फ पडला.

सकाळी दहाच्या सुमाराला, लख्ख उन्हात. प्रज्वल खाली धावत आला आणि मला हाताला धरून ओढायला लागला. आम्ही सगळे वर गेलो. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि आमच्या गच्चीवर पांढरे कण उतरतायत, शांतपणे, वारा नसताना. समोरच्या इमारतीची गच्ची कोरडी. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही.

अक्षदा नाचली. तोंड उघडून, जीभ काढून, अगदी मी मनात बघितली होती तशी. मुक्ता हसत होती. प्रज्वल फोटो काढत होता. अशरफ दारातच थांबला. मी अक्षदाचा एक हात धरून तिच्याबरोबर गोल फिरलो. मग एकदम सगळं थांबलं, नळ बंद करावा तसं.

जिना उतरताना तिने विचारलं, बाबा, एक हात तुम्ही धरला होतात, दुसरा कोणी धरला होता?

मी म्हटलं, आईने. आई तर लांब होती, म्हणाली.

१९ जानेवारी, शनिवार

अक्षदाचं अंग गार आहे. हातपाय गार असतात तसं नाही. पोट, मान, जिभेचं टोकसुद्धा. ती मात्र खुशीत. स्वेटर काढून फेकला. रात्रभर पांघरूण घेतलं नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी काचेचा थर्मामीटर लावला, पारा हललाच नाही. दुसरा लावला, तोही तसाच. नाडी ठीक, छाती ठीक, पोरगी हसतेय. थंडीचे दिवस आहेत, ऊब द्या म्हणाल्या.

ऊब दिली. मुक्ताने हीटर लावला आणि तिला जवळ घेतलं. थोड्याच वेळात मान टाकली पोरीने. हाक मारली तर ओ नाही. मी खिडकी उघडली, बाहेरचा गारठा आत आला, तेव्हा डोळे उघडले. हीटर माळ्यावर टाकला.

२० जानेवारी, रविवार

पेटीतला थर्मामीटर खाली आणला. तिच्या काखेत धरला. दोन अंश.

वर जाऊन पेटीत लावला. दोन अंश.

दुपारी परत. गच्चीवर तीन, तिच्या काखेत तीन. मी मापकं तपासून पोट भरतो. या मापात चूक नाही.

मुक्ताला सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यासकट. तिने एवढंच विचारलं की द्यायचं काय कबूल केलंत? मी म्हटलं, काहीच नाही. तुझा मान तू घे, एवढंच. ती आमच्याच गावची. तिला पुढे समजवावं लागलं नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

२१ जानेवारी, सोमवार

कामावर गेलो नाही. टाकीपाशी पुन्हा नारळ, कोंबडा, मुक्ताच्या ट्रंकेतलं नवं लुगडं. हात जोडून म्हटलं, हा तुझा मान, पोर सोड. थट्टा नव्हती या वेळी.

मग कौल लावला. गावी करतात तसाच. ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाने ऐकलं, डावी पडली तर नाही. टाकीच्या भिंतीला उजवीकडे एक, डावीकडे एक, जास्वंदीच्या नाहीत, बाजारातल्या गुलाबाच्या. बसून राहिलो. अशरफ शेजारी बसला, तोंडात दुआ चालू होती त्याच्या.

दुपार झाली. पडल्या नाहीत. हात लावून बघितलं तर दोन्ही गोठून भिंतीला धरल्या होत्या. होकार नाही, नकार नाही.

नारळ फोडला. आत पाण्याचा दगड. कोंबडा पिंजऱ्यात जिवंत, धडधाकट. तो नकोच होता कोणाला.

२२ जानेवारी, मंगळवार

प्रज्वल नकाशा घेऊन आला. तोंड पाडून. म्हणाला, थंडी संपली, विठ्ठलराव. गुरुवारपासून दक्षिणेचा वारा, पारा वीसच्या वर. काय मस्त दिवस होते ना!

मी त्याच्या शर्टाला धरलं. खोटं आहे म्हण, म्हटलं. तुझे अंदाज चुकतात, पुसट म्हण! तो घाबरला. पुन्हा नकाशा बघितला. या वेळी सगळे नकाशे एकच सांगतायत, म्हणाला.

ज्याने थंडी मागितली तो मीच आता थंडीसाठी रडतोय. आणि ही जानेवारीतली गोष्ट. इथला जून मी बघितलाय. जुलै बघितलाय.

२४ जानेवारी, गुरुवार

वारा फिरला. सकाळीच ऊब. लोक रस्त्यात छाती भरून श्वास घेतायत.

अक्षदा उठत नाही. एसी लावला, सोळाच्या खाली जात नाही. बादलीत बर्फ घालून तिला बसवलं, तेवढा वेळ बोलली. शाळेतली कविता म्हटली अर्धी. मग बर्फ विरघळला. बकाल्यातला सगळा आणला. तोही विरघळला.

तिची बोटं — करंगळी आखूड दिसली — मी नीट बघितलं नाही. बघणार नाही. मुक्ताने बघितलं. ती ओरडली.

अशरफकडे गेलो. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. उद्या कोठार बंद असतं, चावी माझ्याकडे आहे, म्हणाला. भाऊ, पोरीला घेऊन चला.

२५ जानेवारी, शुक्रवार

कोठारात. उणे अठरा. पेन गोठलं, ही अशरफची शिसपेन्सिल. लिहीत राहा, झोपू नका म्हणाला, म्हणून लिहितोय.

आत शिरताच तिने डोळे उघडले. हसली. माशांच्या खोक्यांवर चढली, उड्या मारतेय. बाबा पकडा म्हणतेय. माझी पोर परत —

मुक्ताला बाहेर पाठवलं. ओठ निळे पडले होते. जात नव्हती. अशरफने ओढून नेली.

पाळीपाळीने बसू. मी, मुक्ता, अशरफ. आजचा दिवस निघेल. उद्या कामगार येतील. मग? मे महिन्यात? दहा वर्षांनी? तिचं लग्न — काय लिहितोय मी —

अशरफ दार ठोकतोय. बाहेर या, माणूस मरतो इथे. ती घाबरेल एकटी. नाही येत मी.

बोटं कळत नाहीत. मांडीवर येऊन बसलीय. शांत झालीय. उड्या नाहीत. फ्रॉकची बटणं काढतेय. कपाळ ओलं. काल बादलीतला बर्फ पुरला, आज उणे अठरा पुरत नाही. अजून थंड कर म्हणून ओरडलो. यंत्र याच्या खाली जात नाही म्हणतो अशरफ दाराआडून. शपथ घेऊन सांगतो जात नाही —

तिची मान माझ्या खांद्यावर. कानात सांगतेय

बाबा, इथे खूप उकड